पाण्याच्या चालीने : फील्डवर्कचा वेग कसा ठरवायचा?

प्री-पीएचडी कोर्सवर्क करणारे ज्युनियर भेटले की एक प्रश्न हमखास येतो. "ताई, फील्डवर्क किती दिवसांचं पुरतं?" मीही पहिल्या वर्षी हाच प्रश्न सिनिअर्सना विचारला होता. आज मला कोणी विचारलं तर मी आधी उलटा प्रश्न विचारते : तुम्ही फील्डवर जाणार कसे? चारचाकीने, स्कूटरवरून, की पायी? कारण दिवस किती लागतात यापेक्षा आपण कोणत्या वेगाने जातो, यावर काय दिसतं ते जास्त ठरतं. हे मला पुस्तकातून नाही, एका चुकीतून कळलं. ती चूक तुमच्या थिसिसमध्ये होऊ नये म्हणून ही पोस्ट.

तीन दिवसांत उरकलेला कालवा

माझा विषय मुठा उजवा कालवा. खडकवासल्यातून निघणारं पाणी पुणे शहर आणि पुढची गावं यांच्यात कसं वाटलं जातं, हा प्रश्न. तुम्ही पुण्यात राहत असाल तर हा कालवा तुम्ही शंभर वेळा ओलांडला असेल, फक्त लक्ष गेलं नसेल. सिंहगड रस्त्याला समांतर येतो, पर्वतीच्या पायथ्याला वळसा घालतो, स्वारगेटच्या बाजूने एम्प्रेस गार्डनकडे आणि तिथून हडपसर, फुरसुंगीकडे जातो. पुढे दौंड, इंदापूर. पुणेकर त्याला कालवा म्हणतच नाहीत, "कॅनॉल" म्हणतात.

पहिल्या वर्षी मी मैत्रिणीची स्कूटर घेतली आणि तीन दिवसांत खडकवासला ते फुरसुंगी "करून" टाकलं. कॅनॉलच्या कडेला पाईप दिसला की थांबायचं, मोबाईलवर जीपीएस पॉइंट घ्यायचा, फोटो काढायचा, पुढे. घरी येऊन नकाशा तयार केला. प्रत्येक पाईपला एक लाल ठिपका, आणि वर मथळा : "कालव्यावरील अनधिकृत उपसा". दिसायला झकास. मी तो छापून गाईडच्या केबिनमध्ये घेऊन गेले.

मॅडमनी नकाशा बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "यातले कोणते पाईप पाणी घेतात, आणि कोणते नुसते कालवा ओलांडतात?"

मला माहीत नव्हतं.

"बरं, पाणी कोणत्या बाजूला जातं? नदीकडे की डोंगराकडे?"

तेही मी लिहिलेलं नव्हतं.

"आणि अनधिकृत हे कोणी सांगितलं?"

कोणीच नाही. मला तसं वाटलं होतं. मॅडम रागावल्या नाहीत. नकाशा परत देत एवढंच म्हणाल्या, "आधी चालून ये."

ताशी चार मैल

चालायला लागण्याआधी मी वाचायला लागले (आपल्या जमातीची सवय!), आणि वाचता वाचता थेट इंग्लंडच्या कालव्यांवर पोचले. तिथे एक प्रवास अजूनही चालतो : नॅरोबोटचा. नॅरोबोट म्हणजे लांबलचक पण जेमतेम सात फूट रुंदीची होडी. एवढी अरुंद का, तर अठराव्या शतकात मधल्या इंग्लंडातल्या बऱ्याच कालव्यांवर पाण्याचे दरवाजे, म्हणजे लॉक, तेवढ्याच रुंदीचे बांधले गेले. कोळसा, चिनी माती, लोखंड असा माल या होड्यांतून जायचा आणि काठावरच्या पायवाटेवरून घोडा होडी ओढायचा. पुढे रेल्वे आली, मग ट्रक आले, आणि मालवाहतूक संपत गेली. 1939 साली एल. टी. सी. रोल्ट नावाचा इंजिनिअर बायकोसह 'क्रेसी' नावाची होडी घेऊन या कालव्यांवरून फिरला. त्या प्रवासावरचं त्याचं 'नॅरो बोट' हे पुस्तक 1944 मध्ये आलं, आणि दोनच वर्षांत कालवे वाचवण्यासाठी इनलँड वॉटरवेज असोसिएशन ही संघटना उभी राहिली. एका सावकाश प्रवासाने एवढं घडवून आणलं.

आज त्या होड्यांत लोक सुट्टी घालवतात, काही जण कायमचे राहतातही. बहुतेक कालव्यांवर वेगमर्यादा आहे ताशी 4 मैल, म्हणजे साधारण साडेसहा किलोमीटर. प्रत्यक्षात होडी त्याहूनही हळू, माणसाच्या चालीनेच जाते. काठावरून चालणारा माणूस होडीतल्या माणसाशी गप्पा मारत बरोबर जाऊ शकतो.

संशोधकांना यात काय सापडलं? बेंजामिन बोल्स या मानववंशशास्त्रज्ञाने दक्षिण-पूर्व इंग्लंडमध्ये होड्यांवर राहणाऱ्यांवर पीएचडी केली ती स्वतः होडीवर राहून. या लोकांसाठी 1995 च्या कायद्यात एक नियम आहे. कायमची जागा नसेल तर एका ठिकाणी सलग 14 दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही. असा नियम कागदावर एका ओळीत वाचून होतो. पण त्याने मुलांची शाळा, टपाल, दवाखाना, शेजार यांचं काय होतं, हे कळायला त्यांच्याबरोबर हलावं आणि थांबावं लागतं.

नॅरोबोटवाल्यांच्या दोन सवयी मी सरळ उचलल्या.

पहिली सवय वेळेच्या हिशोबाची. ते नुसतं अंतर मोजत नाहीत. मैल आणि लॉक यांची बेरीज करतात आणि तिला तीनने भागतात. येतात ते तास. 9 मैल आणि 12 लॉक असतील तर 21 भागिले 3, म्हणजे 7 तास. थांबे हा प्रवासातला अडथळा नाही, प्रवासाचाच भाग आहे, हे त्या हिशोबातच धरलेलं असतं.

दुसरी सवय शिष्टाचाराची. काठाला बांधलेल्या होड्यांजवळून जाताना वेग अगदी कमी करायचा. नाहीतर तुमच्या होडीने हललेलं पाणी त्यांचे दोर ताणतं, खुंट्या उपटतं, आतल्या माणसाच्या हातातला चहा सांडतो. म्हणजे तुम्ही नुसते "जवळून जात" नसता; जाताना काहीतरी हलवत असता. हे वाचलं तेव्हा मला माझी स्कूटर आठवली. हातात मोबाईल घेऊन पाईपचे फोटो काढणाऱ्या मुलीला पाहून एका वस्तीतल्या बायका घाईघाईने प्लॅस्टिकची पिंपं आत ओढत होत्या. मला तेव्हा वाटलं होतं, काहीतरी लपवतायत. आता कळतं, त्यांना मी अतिक्रमण खात्याची वाटले असणार. ती लाट माझी होती.

तिथे पाणी रस्ता, इथे पाणी हाच माल

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर तुलना फसते. इंग्लंडचे हे कालवे वाहतुकीसाठी खणले. दोन लॉकच्या मधलं पाणी जवळजवळ सपाट असतं. चढ-उतार आला की लॉकमध्ये होडी घेऊन पाण्याची पातळी वर-खाली करायची. तिथे पाणी हा रस्ता आहे, माल होडीत आहे.

आपला कालवा सिंचनाचा आणि पिण्याच्या पाण्याचा. तो सपाट असून चालत नाही; त्याला सतत बारीकसा उतार हवा, म्हणजे पाणी आपोआप पुढे सरकेल. इथे पाणी हाच माल. म्हणून मुठा कालव्यावर होडी नाही. हिंदुस्थानात दोन्ही गोष्टी एकत्र करायचे प्रयत्न झाले होते. 1854 मध्ये सुरू झालेल्या गंगा कालव्यावर प्रोबी कॉटलीने सिंचनाबरोबर होड्यांसाठी लॉकही बांधले. आर्थर कॉटन तर रेल्वेऐवजी जलमार्ग बांधा म्हणून वर्षानुवर्षं भांडत होता. शेवटी रेल्वे जिंकली. दख्खनमध्ये तर मुळात पाणीच मोजकं.

मुठा कालवे निघाले ते खडकवासला धरणातून. कर्नल फाईफ या इंजिनिअरच्या योजनेतून हे दगडी धरण 1870 च्या दशकात बांधलं गेलं. तलावाला कागदोपत्री 'लेक फाईफ' नाव पडलं. हेतू दोन : पुणे शहर आणि लष्कराला पाणी, आणि पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्याला सिंचन. धरणाची उंची न वाढवता जास्त पाणी साठवता यावं म्हणून विश्वेश्वरय्यांनी 1903 मध्ये आपले स्वयंचलित दरवाजे इथेच बसवले. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटलं. धरण पुन्हा बांधलं गेलं, नवा उजवा कालवा झाला. आज खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांची मिळून क्षमता 29.15 टीएमसी आहे, त्यात एकट्या खडकवासल्याची दोन टीएमसीच्या आत-बाहेर. शहर वाढत गेलं आणि रब्बी-उन्हाळी आवर्तनं किती द्यायची, हा कालवा सल्लागार समितीच्या बैठकीतला दरवर्षीचा वाद झाला.

हे सगळं मला स्कूटरच्या आधीही पाठ होतं. नकाशा तरीही चुकला.

डावा हात, उजवा हात

चालायला सुरुवात केली तेव्हा बरोबर एक निवृत्त पाटकरी काका होते. पाटकरी म्हणजे कालव्याच्या ठरावीक पट्ट्यावर पाण्याची राखण करणारा, दारं उघडणारा-बंद करणारा माणूस. पहिल्याच दिवशी मी भराभर चालायला लागले तेव्हा ते म्हणाले, "ताई, पाण्याच्या पुढं नका पळू. पाणी जेवढं चालतंय तेवढंच चाला." त्यांनी एक वाळकं पान प्रवाहात टाकलं आणि आम्ही त्याच्या बरोबरीने निघालो. कधी ते पुढे, कधी आम्ही. पुढे कळलं की इंजिनिअरही प्रवाहाचा अंदाज असाच घेतात. ठरावीक अंतर, तरंगणारी वस्तू, घड्याळ. पृष्ठभागावरचं पाणी खालच्यापेक्षा जोरात वाहतं, म्हणून आलेला वेग साधारण 0.85 ने गुणतात.

अर्ध्या तासात काकांनी मला ती गोष्ट दाखवली, जी तीन दिवसांच्या स्कूटरफेरीत दिसली नव्हती. प्रवाहाच्या दिशेने चालताना डाव्या हाताला जमीन खाली उतरते, नदीकडे. उजव्या हाताला ती वर चढते, डोंगराकडे. कालवा डोंगराच्या कुशीतून समपातळीच्या रेषेला धरून जातो. नदी त्याहून जास्त उताराने खाली जाते, म्हणून दोघांमधलं अंतर वाढत जातं. मधला पट्टा म्हणजे लाभक्षेत्र. डाव्या हाताला पाणी आपोआप उतरतं. दार उघडलं की चारीत जातं. उजव्या हाताला पाणी न्यायचं तर ते उचलावं लागतं, म्हणजे मोटार, वीज, परवानगी, खर्च.

आता माझे लाल ठिपके पुन्हा बघा. उजव्या हाताचे काही पाईप पाणी घेतच नव्हते; डोंगरावरचं पावसाचं आणि सांडपाणी कालव्यावरून पलीकडे नेत होते. काही पाईप मेलेले होते, नुसतं गंजलेलं तोंड. फुरसुंगीच्या अलीकडे एका शेतकऱ्याने, आम्ही तिसऱ्यांदा त्याच्या बांधावरून गेलो तेव्हा, स्वतःहून घरात बोलावलं आणि पत्र्याच्या पेटीतून पाणीपट्टीच्या पावत्या काढून दाखवल्या. उपशाची परवानगीही होती. माझ्या नकाशात तो चोर होता.

आणि काही पाईप खरोखरच विनापरवाना होते. डाव्या हाताला भरावावरून टाकलेली रबरी नळी, तोंडाने ओढून पाणी सुरू केलं की मोटारीशिवाय चालते. तेही दिसलं. पण ते शेजारच्याने बोट दाखवून नाही सांगितलं. नळीच्या मालकाने स्वतः सांगितलं, का टाकावी लागते तेही सांगितलं. अशा वेळी संशोधक म्हणून तुमच्यावर जबाबदारी येते. मी ठरवलं की नकाशात नेमके ठिपके द्यायचेच नाहीत. किलोमीटरच्या पट्ट्यानुसार प्रकार द्यायचे : परवानगीचा उपसा, घरगुती वापर, कालवा ओलांडणारे पाईप, बंद पाईप, इतर. प्रश्न तोच राहिला; कोणाच्या दारात नोटीस घेऊन जायला माझा थिसिस वापरता येणार नाही, एवढी काळजी घेतली.

पर्वतीच्या पायथ्याचा पट्टा मी सर्वांत सावकाश चालले. 27 सप्टेंबर 2018 ला जनता वसाहतीजवळ कालव्याची भिंत फुटली आणि दांडेकर पुलाच्या परिसरात घराघरांत पाणी शिरलं. वर्तमानपत्रात ती एका दिवसाची बातमी. तिथे चालताना लक्षात येतं की डाव्या हाताची घरं कालव्याच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहेत. एकोणिसाव्या शतकात जो पट्टा "पाणी आपोआप उतरेल" म्हणून शेतीसाठी आखला गेला, त्याच पट्ट्यात आता माणसं राहतात. उतार तोच आहे. भिंत धरून राहिली तर कालवा, नाही राहिली तर पूर. हे वाक्य आज माझ्या तिसऱ्या प्रकरणाचा कणा आहे, आणि ते मला स्कूटरवर सुचलं नसतं.

याला पद्धत म्हणायचं का?

सादरीकरणात समितीतल्या एका सदस्यांनी विचारलं, "हा मॉर्निंग वॉक आणि संशोधन यात फरक काय?" हसू आलं सगळ्यांना, मलाही. पण प्रश्न रास्त होता आणि तुम्हालाही विचारला जाणार आहे. तयारी म्हणून तीन नावं लक्षात ठेवा.

रॉबर्ट चेंबर्स यांनी 1983 च्या 'रूरल डेव्हलपमेंट : पुटिंग द लास्ट फर्स्ट' या पुस्तकात तज्ज्ञांच्या घाईच्या खेडेभेटींची झाडाझडती घेतली. डांबरी रस्त्याला लागून जे आहे तेच दिसतं, कोरड्या ऋतूत गेलं तर कोरड्या ऋतूतलंच दिसतं, आणि भेटतात ते बोलके, सुस्थितीतले लोक. माझी स्कूटर जिथे जाऊ शकली तेवढाच माझा डेटा होता. चेंबर्सनी हे चाळीस वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं. मी ते कोर्सवर्कमध्ये वाचलंही होतं, परीक्षेत लिहिलंही होतं.

मार्गारेथ कुसेनबाख यांनी 2003 मध्ये 'गो-अलाँग' पद्धतीवर लिहिलं. माणसाला खुर्चीत बसवून मुलाखत घेण्याऐवजी तो नेहमी जातो त्या वाटेवर त्याच्याबरोबर जायचं आणि बोलायचं. जागा स्वतःच प्रश्न विचारते. पाटकरी काकांची बसून घेतलेली मुलाखत चाळीस मिनिटांत संपली होती. त्यांच्याबरोबर चालताना प्रत्येक दाराला एक गोष्ट निघाली.

तिसरं नाव आपल्या घरचं. इरावती कर्वे, डेक्कन कॉलेजच्या. ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत जाऊन त्यांनी 'वाटचाल' लिहिलं. 1962 मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद 'जर्नल ऑफ एशियन स्टडीज'मध्ये आला. एकाच दिंडीत अभंग एकत्र गाणारी माणसं जेवायला मात्र जातीनुसार वेगळी बसतात, हे त्यांनी टिपलं. हे कळायला गाण्याच्या वेळीही तिथे असावं लागतं आणि जेवणाच्या वेळीही. पालखी बघायला रस्त्याच्या कडेला तासभर उभं राहणाऱ्याला फक्त गाणं ऐकू येतं. "चालणं ही पाश्चात्त्य फॅशन आहे" असं कोणी म्हणालं तर हे उदाहरण द्या.

करायचं कसं?

तुमचा विषय कालवा नसेल. बाजार असेल, बसमार्ग असेल, नदी असेल, मोर्चा असेल. तरी खालच्या गोष्टी उपयोगी पडतील.

1. पट्टा लहान घ्या. मी फुरसुंगीपर्यंतच्या कालव्यातले तीन पट्टे निवडले आणि का निवडले हे लिहून ठेवलं : एक धरणाजवळचा, एक दाट वस्तीतला, एक शेतीचा.

2. वेळेचा हिशोब नॅरोबोटवाल्यांसारखा करा. माझं सूत्र असं : किलोमीटर अधिक अपेक्षित थांबे, भागिले दोन. 6 किलोमीटर आणि 8 थांबे म्हणजे 7 तास. हे माझ्या अनुभवाचं सूत्र आहे, तुमचं वेगळं येईल. पण थांबे धरले नाहीत तर वेळापत्रक पहिल्याच दिवशी कोसळतं.

3. एकच पट्टा दोन्ही दिशांनी चाला. जाताना उजवीकडे असलेलं येताना डावीकडे येतं आणि डोळा वेगळीकडे जातो.

4. आवर्तन सुरू असताना एकदा आणि बंद असताना एकदा जा. पाणी असताना माणसं दिसतात : धुणी, पोहणारी पोरं, मोटारी. पाणी नसताना कालवा दिसतो : तडे, गाळ, बुजलेली दारं. तुमच्या विषयातलं "आवर्तन" कोणतं ते शोधा. आठवडी बाजार? पगाराचा दिवस? परीक्षा?

5. वेळा बदला. मी पहिले पंधरा दिवस सकाळी दहानंतर जात होते आणि माझ्या नोंदींत बायका जवळजवळ नव्हत्या. त्या सहा वाजता येऊन धुणं उरकून गेलेल्या असायच्या.

6. चालताना थोडंच लिहा, थांबल्यावर सविस्तर लिहा, आणि त्याच रात्री टाईप करा. दुसऱ्या दिवशी निम्मं विसरलेलं असतं. पाहिलेलं एका रकान्यात, वाटलेलं दुसऱ्या रकान्यात. "पाईप, उजवी बाजू, मोटार नाही" हे पाहिलेलं. "चोरी" हे वाटलेलं.

7. परवानगी घ्या. कालव्याचा रस्ता जलसंपदा विभागाचा असतो. सिंचन भवनात अर्ज, विभागाचं पत्र आणि ओळखपत्र जवळ ठेवा. फोटो विचारून काढा. पावत्या, आधार, वीजबिलं यांचे फोटो काढू नका, समोरच्याने हौसेने दाखवली तरी.

8. सुरक्षितता. हा मुद्दा पुरुष संशोधकांच्या पद्धतीच्या प्रकरणात सहसा नसतो, म्हणून मी मुद्दाम लिहिते. कालव्याच्या काही पट्ट्यांत मी एकटी गेले नाही आणि अंधार पडल्यावर कुठेच गेले नाही. ही तुमच्या अभ्यासाची मर्यादा आहे. ती थिसिसमध्ये सरळ लिहा. त्यात कमीपणा काही नाही. आणि कॅनॉलचे काठ निसरडे असतात, अस्तरीकरण केलेल्या उतारावरून पाण्यात गेलेल्या माणसाला वर येणं अवघड असतं. काठाच्या आत पाऊल टाकू नका.

ज्यांना लांब चालणं शक्य नाही त्यांनी ही पद्धत आपली नाही असं समजू नका. नॅरोबोटवाले तरी कुठे चालतात? एका पुलावर रोज दोन तास बसणं, हेही सावकाश जाणंच आहे. मुद्दा पायांचा नाही, वेगाचा आहे.

सावकाशपणाला भुलू नका

आता उलट बाजू. सावकाश गेल्यामुळे खूप दिसतं, पण जे दिसतं ते सगळं सिद्ध होत नाही. कालव्याच्या खालच्या अंगाला कितीतरी ठिकाणी मला ओल दिसली. मी उत्साहाने लिहिलं : "प्रचंड गळती". मॅडमनी "प्रचंड"वर गोल केला. गळती किती, हे चालून कळत नाही. त्यासाठी एका टोकाला किती पाणी आत आलं आणि दुसऱ्या टोकाला किती पोचलं याच्या मोजण्या लागतात, मधला अधिकृत उपसा वजा करावा लागतो. ते आकडे विसर्गाच्या नोंदवह्यांत असतात. चालण्याने मला एवढं कळलं की नोंदवहीत कोणत्या किलोमीटरचे आकडे आधी मागायचे. तेवढं श्रेय चालण्याला द्या, जास्त नको.

दुसरा धोका जिव्हाळ्याचा. महिनाभर एकाच काठाने चाललं की तो काठ आपला वाटायला लागतो. मी शहरातल्या पट्ट्यात इतकी रमले की दौंड-इंदापूरच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी माझ्या लिखाणातून गायबच झाला. माझ्या काठावर जे "थोडंसं" वापरलं जातं, ते त्याच्यापर्यंत पोचत नाही. मग मी दोन दिवस टेलला गेले, एसटीने. हो, एसटीने. पूर्ण कालवा सुमारे 200 किलोमीटरचा आहे; सगळा चालायचा हट्ट धरला असता तर फेलोशिप संपली असती.

हे आत्ताच लिहायचं कारणही सांगते. खडकवासला ते फुरसुंगी हा कालवा बोगद्यातून नेण्याची योजना आहे. गळती, बाष्पीभवन, प्रदूषण टाळायचं, शहरातला धोका कमी करायचा, हे त्यामागचे हेतू आहेत आणि टेलच्या शेतकऱ्याच्या बाजूने बघितलं तर ते चुकीचे म्हणता येत नाहीत. 2018 ला ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांनाही विचारा. म्हणून मी "कालवा वाचवा" म्हणत नाही. पण पाणी जमिनीखाली गेलं की त्याच्या बरोबरीने चालता येणार नाही. कोणता पाईप घेत होता आणि कोणता नुसता ओलांडत होता, सहा वाजता कोण येत होतं, पेटीतली पावती कोणाची होती, यातलं जे आत्ता लिहून ठेवलं तेवढंच उरेल. तुमच्याही विषयात असं काहीतरी नक्की असेल, जे पुढच्या पाच वर्षांत बदलणार आहे.

तेव्हा सिनॉप्सिस लिहायच्या आधी एक रविवार काढा. तुमच्या फील्डचा एक किलोमीटर निवडा. आधी गाडीवरून जा आणि दिसलं त्याची यादी करा. मग तोच किलोमीटर पायी जा, पायीच परत या, आणि पहिल्या यादीतलं काय काय खोडावं लागलं ते बघा. माझ्या यादीत मथळाच खोडावा लागला होता.